पन्नास केबींचा चेहरा

ज्या गृहस्थाच्या गळ्यात कॅमेरा लटकतो त्याच्या गळ्यात मंडळाच्या स्मरणिकेचे काम आपोआप पडते, हा न्याय पुण्या-मुंबईस कितपत लागू आहे ते तेथील सुज्ञांनी सांगावे. आमच्या रायपुरात मात्र तो इतका दृढमूल आहे, की दंडसंहितेचे नाव बदलले, कलमांचे अनुक्रम बदलले, तरी या न्यायाच्या एका स्वल्पविरामालाही कोणी हात लावलेला नाही. वास्तविक मी कॅमेरा घेतला तो बारनवापाऱ्याच्या अरण्यात जाऊन गव्यांची छायाचित्रे काढावीत, सिरपूरच्या विटांच्या लक्ष्मणमंदिरावर सायंकाळचे तिरपे ऊन पडले असता त्याचे असे एखादे चित्र घ्यावे की पाहणाऱ्याने थेट सातव्या शतकात जाऊन बसावे, इत्यादी उदात्त हेतूंनी. परंतु यंत्र खोक्यातून बाहेर निघते न निघते तोच मंडळाचे चिटणीस दारात उभे राहिले, "ऐकलं ते खरं का?" एवढेच त्यांनी विचारले, आणि चहाचा पेला खाली ठेवीपर्यंत गव्यांच्या जागी कार्यकारिणी येऊन गेली होती.

हा बदल वरवर पाहता किरकोळ वाटेल. दोन्ही समुदाय धिप्पाड, दोन्ही कळपाने वावरणारे, आणि दोहोंपैकी कोणताही अकस्मात समोर आला असता छातीत धडकी भरवणारा. तथापि एक मूलभूत भेद आहे. गवा काळा असतो, आणि आपण चित्रात काळे आलो म्हणून एखाद्या गव्याने छायाचित्रकाराकडे दाद मागितल्याची एकही मिसल वनखात्याच्या दफ्तरी नाही.

कॅमेरा घेतल्यानंतर मनुष्यास ज्या वस्तूचा पुरवठा विनामूल्य आणि अखंड होतो ती वस्तू म्हणजे सल्ला. भाच्याने खोक्यावरचा मजकूर वाचण्याआधीच "मामा, मेगापिक्सेल किती?" म्हणून विचारले, कारण त्याच्या पिढीला यंत्राची योग्यता, आणि माझी शंका आहे की पुढेमागे जावयाचीही योग्यता, मेगापिक्सेलांतच मोजण्याची खोड आहे. मी त्यास शांतपणे समजावून दिले की, 1975 साली कोडॅक कंपनीतील स्टीव्हन सॅसन नावाच्या तरुण अभियंत्याने पहिला डिजिटल कॅमेरा जुळवला तेव्हा त्यात अवघे दहा हजार बिंदू होते, म्हणजे एका मेगापिक्सेलाचा शंभरावा हिस्सा. ते धूड साडेतीन किलोंहून जड होते आणि एक कृष्णधवल चित्र कॅसेटच्या फितीवर उतरवायला त्याला 23 सेकंद लागत. घरातल्या भिंतीवर लावावयाच्या चित्राला आजच्या कोणत्याही फोनातले बिंदू पुरून उरतात. उणीव असते ती उजेडाची आणि धीराची. भाचा म्हणाला, "तेवीस सेकंदांत तर मामा, माझी अख्खी रील संपून राहते." आमच्या सौभाग्यवती मात्र त्या 23 सेकंदांवर बेहद्द खूष झाल्या. "पदर सारखा करायला तेवढा वेळ हवाच," त्या म्हणाल्या, "तुम्ही तर 'तयार?' विचारायच्या आधीच काढून मोकळे होता."

सल्लागारांत अग्रपूजेचा मान अर्थातच नानांचा. नाना रेल्वेच्या हिशेबखात्यातून निवृत्त झालेले असून, त्यांच्याजवळ एके काळी आग्फाचा क्लिक थ्री कॅमेरा होता, या एका भांडवलावर छायाचित्रणविषयक सर्व वादांत अंतिम निवाडा देण्याचा अधिकार त्यांनी आजतागायत स्वतःकडे राखून ठेवला आहे. त्यांचे मुख्य सूत्र असे, की सूर्य नेहमी छायाचित्रकाराच्या पाठीशी असावा. मंद फिल्मच्या काळात, जेव्हा उजेडाची चिमूटभरही उधळपट्टी परवडत नसे, तेव्हा हे सूत्र शहाणपणाचे होते. परंतु सूर्य माझ्या पाठीशी म्हणजे समोरच्याच्या डोळ्यांत, ही साधी भूमिती नानांनी कधीच मान्य केली नाही. त्यातून हे रायपूर. मेच्या अखेरीस येथे नौतपा, म्हणजे नऊ दिवसांचा कडक उन्हाळा, सुरू झाला, की सकाळी आठनंतर अंगणात उभा केलेला मनुष्य हा विषय छायाचित्रणाच्या कक्षेतून निघून वैद्यकाच्या कक्षेत जातो. त्याच्या भुवयांखाली दोन काळे खड्डे पडतात, नाकाची सावली मिशीत मिसळते, आणि एरवी देवमाणूस म्हणून ख्यात असलेला सदर इसम दरोड्याच्या गुन्ह्यात हवा असल्यासारखा दिसू लागतो. त्याच मनुष्यास पडवीच्या सावलीत नेऊन, उजेड एका बाजूने चेहऱ्यावर येईल असा खुर्चीवर बसवावा, तर काहीही खर्च न करता तो पुन्हा सज्जन होतो. मी हे नानांना करून दाखवले. नाना म्हणाले, "छान आहे. पण सूर्य कुठं आहे?"

या सर्व सल्ल्यांनी त्रस्त होऊन मी यंत्राच्या अंतरंगाचाच अभ्यास करावयाचे ठरवले, आणि तेथे जे आढळले त्याने माझी झोप काही दिवस उडाली. कोडॅकमधल्याच ब्राइस बेयर यांनी 1976 साली पेटंट मिळवलेली जी रंगीत जाळी आजही बहुतेक कॅमेऱ्यांच्या संवेदकावर बसवलेली असते, तिच्यातले निम्मे बिंदू फक्त हिरवा रंग पाहतात, पाव तांबडा आणि पाव निळा. एका बिंदूला एकच रंग दिसतो. उरलेले दोन रंग कोणते असावेत हे यंत्र आजूबाजूच्या बिंदूंकडे चौकशी करून ठरवते. याचा सरळ अर्थ असा, की छायाचित्रातील दोन तृतीयांश रंग हा शेजाऱ्यांच्या जबानीवर आधारलेला असतो. आमच्या गल्लीत मनुष्याची अब्रूही नेमक्या याच प्रमाणात ठरते, त्यामुळे या शोधाचे श्रेय एकट्या अमेरिकेस द्यावे हे मला पटत नाही.

उजेडाविषयीचे माझे ज्ञान पक्के झाल्यावर मी सायंकाळी तेलीबांधा तलावाकडे जाऊ लागलो. या तलावाच्या काठास रायपूरकर 'मरीन ड्राइव्ह' म्हणतात. येथून समुद्र कोणत्याही दिशेस शेकडो किलोमीटर दूर आहे, ही गोष्ट छायाचित्रात येत नाही, हाच तर छायाचित्राचा मोठा गुण. सूर्य मावळतीला आला, की तळ्याकाठचा समस्त समाज एकाएकी त्याच्याकडे पाठ करून उभा राहतो आणि हात लांब करून स्वतःकडे पाहू लागतो. सूर्यबिंब अस्तास जाते ते कोणाच्या तरी कानामागे. बहुतेकांच्या चित्रात क्षितिज असे कलते आलेले असते, की तळ्याचे पाणी एका बाजूने सांडून व्ही. आय. पी. रस्त्यावर कसे येत नाही याचा विस्मय वाटावा. फोनमध्ये आडव्या-उभ्या रेघांची जाळी दाखवण्याची सोय असते, ती चालू ठेवावी, एवढे मी एका तरुणास सुचवले. "अंकल, टेढाच चांगला दिसतो," तो म्हणाला. दुसऱ्या एका कुटुंबाने गढकलेवा या छत्तीसगढी खाद्यगृहात चिला आणि फरा यांचा यथास्थित समाचार घेऊन त्याच बोटांनी फोन हाताळला होता. भिंगावर उमटलेल्या त्या स्निग्ध ठशामुळे सर्व चित्रांत मंडळी दाट धुक्यात स्वर्गारोहण करीत असल्यासारखी आली होती. मी खिशातील स्वच्छ रुमालाने ते भिंग पुसून दिले. नंतरच्या चित्रात सर्वांचे चेहरे स्पष्ट आले आणि कुटुंबप्रमुखांनी नाराजीने विचारले, "आधीचा इफेक्ट कुठं गेला?" छायाचित्रणावर जी जाडजूड पुस्तके निघतात त्यांचा निम्मा उपयोग भिंग पुसल्याने होतो, असे माझे मत आहे, आणि लोकांना तो नको असतो, हेही.

आता मुख्य कथाभाग. स्मरणिकेसाठी प्रत्येक पदाधिकाऱ्याने आपले अलीकडचे छायाचित्र पाठवावे, असे परिपत्रक निघाले. 'अलीकडचे' या शब्दाचा अर्थ कार्यकारिणीने अत्यंत उदार दृष्टीने लावला. खजिनदारांनी पाठवलेले चित्र त्यांच्या लग्नातले होते आणि शेजारचे निम्मे कापून टाकलेले असल्यामुळे त्यांच्या खांद्यावर हिरव्या चुड्याने भरलेला एक हात कोठूनसा येऊन विसावला होता. एका सल्लागारांनी भिंतीवरच्या चौकटीतील फोटोचा फोनने फोटो काढून पाठवला. त्यात काचेवर पडलेल्या प्रतिबिंबात उघड्या अंगाचा त्यांचा नातू फोन धरून उभा असलेला स्वच्छ दिसत होता, आणि सल्लागारांचे मुख मात्र फ्लॅशच्या तेजोगोलात विलीन झाले होते. बाकीच्यांची चित्रे सुनेने मुलाला, मुलाने साडूला, साडूने चिटणिसांना आणि चिटणिसांनी मला अशी व्हॉट्सअ‍ॅपवरून मजल दरमजल करीत आलेली. प्रत्येक मुक्कामावर उतरवून नव्याने चढवली, की ती पुन्हा आवळली जातात, प्रत्येक आवळण्यात थोडा तपशील कायमचा गळतो, आणि शेवटच्या मुक्कामी पोहोचते ते चौकोनी ठिकऱ्यांचे एक जाजम. मी कळवले, की चित्र फोटो म्हणून न पाठवता दस्तऐवज म्हणून पाठवावे, म्हणजे ते होते तसे येते. तासाभराने नानांचा फोन आला. "दस्तऐवज म्हणतोस, तर त्याला स्टॅम्प किती रुपयांचा लागेल?"

चित्रे आल्यामागून विनंत्या येऊ लागल्या. छायाचित्रात फेरफार करण्याची विद्या संगणकाबरोबर जन्मली, 1990 साली नोल बंधूंचे फोटोशॉप बाजारात आले आणि त्यानंतर जग खोटे बोलू लागले, असा एक सार्वत्रिक समज आहे. तो अन्यायाचा आहे. छायाचित्रणाचा शोध पॅरिसमध्ये जाहीर झाला 1839 साली. आणि त्या शोधाच्या श्रेयात आपणास वाटा मिळाला नाही म्हणून रुसलेल्या हिप्पोलिट बायार या फ्रेंच गृहस्थाने 1840 साली, आपण वैफल्याने पाण्यात बुडून मेलो आहोत अशा थाटात डोळे मिटून स्वतःचे छायाचित्र काढले आणि मागे तसा मजकूरही लिहून ठेवला. त्यानंतर तो उत्तम प्रकारे अनेक वर्षे जगला. म्हणजे कॅमेऱ्याला सत्य बोलण्यासाठी जेमतेम एक वर्ष मिळाले. आमच्या कार्यकारिणीने त्याला तेवढेही दिले नाही.

"जरा उजळ करता येईल का?" एका सभासदांनी खाजगीत बाजूला घेऊन विचारले.

"किती?"

"फार नको. मुळात आहे तेवढाच."

दुसऱ्या एकांची मागणी याहून सूक्ष्म होती. "केस वाढवू नका, लोक हसतात," ते म्हणाले, "फक्त कपाळ थोडं कमी करा." महिलाशाखेच्या अध्यक्षांनी काहीच सुचवले नाही, कारण त्यांच्या फोनाने विचारल्यावाचूनच आपले कर्तव्य बजावले होते; हल्ली पुष्कळ फोनांत सौंदर्यवर्धनाची योजना कारखान्यातूनच चालू होऊन येते, आणि बाईंचा चेहरा नुकत्याच वळलेल्या पेढ्यासारखा गुळगुळीत होऊन त्यावर नाक ही वस्तू केवळ अध्याहृत राहिली होती. एका ज्येष्ठांनी गतवर्षीच्या उद्घाटनाचे चित्र पुढे केले आणि इकडे तिकडे पाहून म्हणाले, "यात उपाध्यक्षांना थोडं मागं सरकवता येईल?"

"किती मागं?"

"फोटोच्या बाहेर."

मी तत्त्वनिष्ठ मनुष्य आहे. उजेड कमी असेल तर वाढवावा, क्षितिज कलले असेल तर सरळ करावे, पिवळ्या दिव्याने सगळे कावीळ झाल्यासारखे आले असतील तर त्यांना बरे करावे, मूळ प्रत सुरक्षित ठेवून जे करणे ते नकलेवर करावे, आणि येथे थांबावे, हे माझे धोरण. आणि एखादी पट्टी आपल्याला वाटते तितकी सरकवून झाल्यावर निम्मी मागे आणावी, हा माझा अनुभवसिद्ध नियम. परंतु धोरण माझे आणि संगणक भाच्याचा, अशी वाटणी असल्यावर धोरणाचे काय चालणार? सिलतरा आणि उरला या औद्योगिक वसाहतींकडून येणारी काळी भुकटी रायपूरच्या गच्च्यांवर नेमाने उतरते, हे येथील प्रत्येक गृहिणीस वाळवणाच्या निमित्ताने ठाऊक आहे. तीच भुकटी गच्चीवर काढलेल्या चित्रांतील पांढऱ्या सदऱ्यांवर बारीक ठिपक्यांच्या रूपाने आली होती. भाचा म्हणाला, "एक एक कशाला पुसता मामा? एकदम सगळे डाग काढून टाकतो." त्याने कळ दाबली. सदरे शुभ्र झाले. त्याबरोबर बायकांच्या टिकल्या गेल्या, खजिनदारांच्या हनुवटीवरील ज्या तिळामुळे बँकेत त्यांची ओळख पटत असे तो तीळ गेला, आणि मुखपृष्ठावरील गणपतीच्या पायाशी असलेला उंदीरही डाग समजला जाऊन अंतर्धान पावला. मोदक तेवढा राहिला होता, आणि गणरायाची दृष्टी त्या रिकाम्या जागेकडे वळल्याचा मला तरी भास झाला.

समूहचित्राचा प्रसंग याहून कठीण. अठरा माणसांचे डोळे एकाच क्षणी उघडे असणे ही गोष्ट ज्योतिष्याच्या नव्हे, गणितज्ञाच्या कक्षेतील आहे, आणि ऑस्ट्रेलियातील सीएसआयआरओ या सरकारी संशोधनसंस्थेतील निक स्वेनसन व पिअर्स बार्न्स यांनी तिचे रीतसर गणित मांडल्याबद्दल त्यांना 2006 साली, हसवून मग विचार करायला लावणाऱ्या शास्त्राचे ते सुप्रसिद्ध 'इग नोबेल' पारितोषिक मिळालेले आहे. विसाच्या आतला समूह असेल, तर चांगल्या उजेडात माणसांच्या संख्येला तिनाने भागावे आणि मंद उजेडात दोहोंनी. येईल तितकी चित्रे काढली, की त्यात सर्वांचे डोळे उघडे असलेले एक तरी बहुधा मिळते. समूह पन्नासाच्या घरात गेला, की आशा सोडावी. आम्ही अठरा. उजेड चांगला. मी सहा चित्रे काढली, आणि सहाही चित्रांत सतरा माणसे टक्क डोळ्यांनी पाहत असून नानांचे डोळे घट्ट मिटलेले होते. मग मी उजेड वाईट आहे असे गृहीत धरून नऊ काढली. तोच निकाल. पुष्कळ विचारांती माझ्या लक्षात आले, की त्या विद्वानांनी मनुष्य केव्हाही, वाटेल तेव्हा पापणी लववतो असे गृहीत धरले आहे. नाना मात्र वाटेल तेव्हा लववीत नाहीत. ते बरोबर 'तीन' म्हटले की लववतात.

"नाना, आकडे मोजताना डोळे मिटू नका."

"मी कुठं मिटतो? सिग्नल पडला की आपोआप मिटतात. नोकरीची सवय."

यावर जाणत्यांचा एक तोडगा असा आहे, की सर्वांनी आधीच डोळे मिटून घ्यावे आणि 'तीन' म्हणताच एकदम उघडावे. तोही करून पाहिला. कार्यकारिणीने शिस्तीत डोळे मिटले, मी अंमळ सावकाश मोजले, 'तीन' म्हणताच सतरा जोड्या लखकन उघडल्या, आणि तोवर नानांचा डोळा लागला होता.

अखेर भाच्याने नानांना त्याच्या संगणकावर डोळे बसवून दिले. ते कोणाचे होते हे त्याने सांगितले नाही. पापण्या मात्र लांब आणि वरच्या अंगास वळलेल्या होत्या. छापण्यापूर्वी संमती असावी म्हणून मी ते चित्र घेऊन नानांच्या घरी गेलो. काकूंनी चष्मा लावून ते बराच वेळ निरखले. "हे कोण?" त्यांनी विचारले. नाना आहेत असे सांगताच त्या किंचित लाजल्या आणि मग एकाएकी रागावून म्हणाल्या, "असं माझ्याकडे एवढ्या वर्षांत कधी बघितलं नाहीत ते!" नानांनी वर्तमानपत्र तोंडासमोर धरले. चित्र तहकूब झाले आणि स्मरणिकेत नानांच्या नावापुढे कमळाचे चिन्ह छापण्यात आले. त्यावरून ते कोणत्या पक्षात गेले याची चर्चा आमच्या तात्यापारा मोहल्ल्यात बरेच दिवस चालू होती.

पूर्वजांचे प्रकरण आणखी निराळे. छत्तीसगढातले मराठी घर असे विरळाच, की ज्याचा मूळपुरुष नागपूरकर भोसल्यांच्या स्वारीबरोबर घोड्यावरून आलेला नाही. बिंबाजी भोसल्यांनी रतनपुरास 1758 ते 1787 इतका काळ कारभार केला, त्या काळात येथे आलेल्या एकूण घोड्यांची संख्या आणि आज हा दावा सांगणाऱ्या कुटुंबांची संख्या यांचा मेळ एखाद्या इतिहासकाराने जरूर घालावा. आमच्या आत्याबाईंपाशी पणजोबांचे एक छायाचित्र आहे. पणजोबा घोड्यावर नसून खुर्चीवर आहेत, आणि वाळवीने खुर्चीसह त्यांचा कमरेखालचा भाग भक्षण केला आहे. भाच्याने ते कृत्रिम बुद्धिमत्तेकडे सोपवले. मिनिटाभरात पणजोबा संपूर्ण होऊन परत आले: डोळे घारे, पगडीच्या जागी काहीसे फेट्याचे आणि काहीसे केकचे वळण असलेली एक वस्तू, उजव्या हाताला सहा बोटे, आणि बैठकीस एक चामडी सोफा. मी म्हटले, हे पणजोबा नव्हेत. यंत्राने जगातल्या असंख्य म्हाताऱ्यांची सरासरी काढून हा एक तयार केला आहे. आत्याबाईंनी डोळ्यांना पदर लावला. "अगदी तेच," त्या म्हणाल्या. त्यांनी पणजोबांना पाहिलेले नव्हते. चित्र मोठे करून, चौकट करून, हार घालून दिवाणखान्यात लागले आहे. सहाव्या बोटाविषयी विचारणाऱ्यास, ते बोट आमच्या घराण्यात पूर्वापार असून त्याच बोटाच्या जोरावर भोसल्यांनी सनद दिली, असे सांगण्यात येते.

या सर्व व्यापातून मी एका निष्कर्षाप्रत आलो, की मनुष्याने चित्रात स्वतःसारखेच दिसावे अशी कळकळ या जगात एकालाच आहे, आणि तो म्हणजे सरकार दरबार. सरकारला आपण उजळ नको असतो, तरुण नको असतो, हसतमुखही नको असतो. कानांसकट, चष्म्यावर चकाकी न येऊ देता, पांढऱ्या पार्श्वभूमीवर, आहे तसा मनुष्य त्याला पुरतो. मात्र तो वजनात बसावा लागतो. भाचीने बँकेच्या परीक्षेचा अर्ज भरायला घेतला, तेव्हा मी तिचे पडवीच्या सावलीत असे सुरेख चित्र काढले, की ते बँकेऐवजी अन्यत्र पाठवावे असा विचार तिच्या आईच्या मनात डोकावून गेला. ते घेऊन आम्ही कोपऱ्यावरच्या, सरकारी अर्ज भरून देणाऱ्या चॉइस सेंटरवर गेलो. तेथील मुलाने ते पडद्यावर उघडले आणि मान डोलावली.

"कका, फोटू बने हे," तो म्हणाला, "फेर बड़ भारी हे."

अर्जात फोटो 20 ते 50 केबींचा आणि सही 10 ते 20 केबींची असावी, असे कलम होते. माझे चित्र पाच हजार केबींचे. उजेड, सावली, पार्श्वभूमीची मोहक अस्पष्टता आणि माझी कला असे एकेक सामान उतरवीत त्या मुलाने भाचीला 60 केबींवर आणले; मग 52; मग एकदम 19 झाली, आणि अर्जाने ती हलकी म्हणून नाकारली. शेवटी 49 केबींवर ती स्वीकृत झाली, तेव्हा रांगेतल्या सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. आपल्या अपत्याचा चेहरा सहीच्या अडीचपट वजनाचा असतो, हे तिच्या आईस त्या दिवशी प्रथमच कळले.

आणि मग नोव्हेंबर आला. निवृत्तिवेतन घेणाऱ्याने आपण हयात असल्याचा दाखला दर वर्षी या महिन्यात रुजू करावयाचा असतो. 2014 च्या नोव्हेंबरापासून हा दाखला 'जीवन प्रमाण' या नावाने बोटाच्या ठशावर घरबसल्या देता येऊ लागला आणि 2021 च्या नोव्हेंबरापासून केवळ चेहऱ्यावर. फोन समोर धरावयाचा, चेहरा वर्तुळात आणावयाचा, आणि समोर ठेवलेले हे छायाचित्र नसून जिवंत इसम आहे अशी यंत्राची खात्री पटावी म्हणून पापणी लववायची. एवढेच. परंतु आयुष्यभर 'डोळे मिटू नका' या एकाच आज्ञेवर पोसलेली आमची पिढी! चॉइस सेंटरच्या बाकावर मंडळाचे अर्धे माजी पदाधिकारी बसले होते, आणि एकेकजण फोनासमोर आला, की स्मरणिकेत छापायला द्यावा असा चेहरा करून, श्वास रोखून, डोळे वटारून निश्चल बसे. "कका, आँखी झपकाव न," मुलगा काकुळतीला येऊन म्हणे. माजी अध्यक्षांनी तर इतका वेळ टक लावली, की त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागले. पापणी म्हणून लवली नाही.

नाना काठी टेकीत आले, खुर्चीत बसले, फोनाकडे पाहून त्यांनी सवयीने विचारले, "तीन म्हणणार का?" मुलगा 'तीन' म्हणाला. दाखला त्या क्षणी रुजू झाला.

त्यांनी पुढचा सबंध तास तेथेच बसून बाकीच्यांना आकडे मोजून दिले, माजी अध्यक्षांना उत्तीर्ण केले, आणि निघताना माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "पुढच्या स्मरणिकेत माझा फोटो डोळे मिटलेलाच छाप. फक्त खाली कंसात लिही, हयात."